लाल मिरचीतून नोबेल! व्हिटॅमिन सी शोधणाऱ्या अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांची गोष्ट

लाल मिरची म्हटलं की आपल्याला ठेचा आठवतो, नाहीतर डोळ्यांतून येणारं पाणी. पण युरोपातल्या हंगेरी देशातल्या एका शास्त्रज्ञाचं मोठं अडलेलं काम याच लाल मिरचीनं मार्गी लावलं आणि पुढे त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. मेडिकलमध्ये मिळणारी ती आंबट-गोड, चघळायची व्हिटॅमिन सीची गोळी यांच्याच शोधातून आली.

कोरोनाच्या काळात ही गोळी वाडी-वस्तीवर पोहोचली. प्रतिकारशक्ती वाढते, अँटिऑक्सिडंट आहे, असं ऐकून लोकांनी पाकिटंच्या पाकिटं घेतली. अजूनही अँटिऑक्सिडंटच्या नावाखाली पावडरी आणि डबे महागात विकले जातात. पण अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? अंगातल्या पांढऱ्या पेशींवर त्याचा नेमका काय परिणाम होतो? जितकं जास्त तितकं चांगलं, असं खरंच असतं का? या प्रश्नांची सुरुवात सेंट-ज्यॉर्जींच्या आयुष्यातच सापडते.

घरातला ढ मुलगा

१६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्ट शहरात अल्बर्ट यांचा जन्म झाला. आईच्या माहेरी तीन पिढ्या शास्त्रज्ञांच्या. मामा मिहाय लेनहोशेक हे शरीररचनेचे नावाजलेले प्राध्यापक. भाचा मात्र अभ्यासात कच्चा. पुस्तकाचा कंटाळा, परीक्षेची भीती. हे पोरगं विज्ञानात काही करेल असं मामाला अजिबात वाटत नव्हतं. फार तर दाताचा डॉक्टर होईल, इथपर्यंतच मामाची आशा होती.

सोळाव्या वर्षाच्या आसपास मात्र पोराला वाचनाचं वेड लागलं. शाळा संपेपर्यंत तो हुशार मुलांत गेला आणि १९११ मध्ये मेडिकल कॉलेजात दाखल झाला. मामानं त्याला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं, पण विषय दिला गुदद्वाराच्या त्वचेचा, कारण मामाला स्वतःला मूळव्याधीचा त्रास होता. आपण विज्ञानात शिरलो ते उलट्या टोकाकडून, असा विनोद सेंट-ज्यॉर्जी पुढे म्हातारपणापर्यंत करत राहिले.

स्वतःच्याच दंडात गोळी

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. शिक्षण अर्धवट सोडून त्यांना सैन्याच्या वैद्यकीय पथकात जावं लागलं. शौर्याचं पदकही मिळालं. पण दोन वर्षं खंदकातली मढी पाहून मन विटलं. राजे-सरदारांच्या भांडणात गोरगरिबांची पोरं मरतायत, हे त्यांना सहन होईना. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या दंडात गोळी झाडून घेतली आणि शत्रूची गोळी लागली असं सांगितलं. जखमी म्हणून घरी पाठवलं गेलं. १९१७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी कॉर्नेलिया यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

युद्ध अजून संपलं नव्हतं. पुन्हा कामावर घेतल्यावर लष्करी इस्पितळात त्यांना दिसलं की युद्धकैद्यांवर धोकादायक प्रयोग होतायत. त्यांनी थेट विरोध केला. शिक्षा म्हणून त्यांना इटलीच्या उत्तरेकडे, हिवतापानं माणसं मरणाऱ्या दलदलीच्या भागात धाडलं. तेवढ्यात युद्ध संपलं आणि जीव वाचला. वरच्याचं चुकलं तर तोंडावर सांगायचं, ही त्यांची खोड पुढेही गेली नाही.

कापलेला बटाटा काळा का पडतो?

युद्धात हंगेरी हरली. देशात खायचे वांधे झाले. बायको आणि लहानग्या नेलीला घेऊन सेंट-ज्यॉर्जी कामाच्या शोधात देशोदेशी फिरले. प्राग, बर्लिन, हॅम्बर्ग, लायडेन असं करत १९२२ मध्ये ते नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात आले. दिवसा पोटासाठी नोकरी, रात्री स्वतःचे प्रयोग.

त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. चुलीत लाकूड जळतं तेव्हा ज्वाळा दिसते, धूर दिसतो. अंगातही भाकरी जळतेच, त्याशिवाय ऊब आणि ताकद येणार कुठून? मग ही बिनधुराची चूल चालते कशी? हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं होणाऱ्या या जळण्याला शास्त्रात ऑक्सिडेशन म्हणतात.

उत्तर शोधायला त्यांनी झाडपाला आणि भाजीपाला घेतला. बटाटा किंवा सफरचंद कापून ठेवलं की हवा लागून काळपट पडतं. चिरलेलं वांगं बायका लगेच पाण्यात टाकतात, ते याचसाठी. पण लिंबू, संत्रं, कोबी कापून ठेवले तर असे काळे पडत नाहीत. त्यांच्यात असं काय असतं?

यासाठी त्यांनी एक साधा प्रयोग केला. झाडांमध्ये पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक रंग देणारं रसायन दिलं की झटकन गडद निळा रंग येतो. पण त्यात लिंबूवर्गीय फळाचा रस घातला की निळा रंग क्षणभर उशिरा येतो. दुसरा कुणी असता तर त्या क्षणभराकडे त्यानं काणाडोळा केला असता. सेंट-ज्यॉर्जींनी तोच क्षण धरून ठेवला. रसात असं काहीतरी आहे जे आधी स्वतः झिजतं आणि तोपर्यंत दुसऱ्याला आंच लागू देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. असं काम करणाऱ्या पदार्थाला आज आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो.

तोच पदार्थ त्यांना जनावरांच्या मूत्रपिंडावर असणाऱ्या छोट्या ग्रंथींमध्येही सापडला. पण तेवढ्यात त्यांना सांभाळून घेणारे प्राध्यापक वारले. नव्या साहेबांना या कामात रस नव्हता. पैसा संपला. बायको-मुलीला माहेरी पाठवून दिलं. आयुष्य संपवावं इथपर्यंत विचार गेले होते.

स्टॉकहोममधली एक सभा

जायच्या आधी एकदा शास्त्रज्ञांचा मेळा पाहून घ्यावा, म्हणून १९२६ मध्ये ते स्वीडनमधल्या स्टॉकहोमला परिषदेला गेले. अध्यक्ष होते इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाचे फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या संशोधनातलं हे फार मोठं नाव. आणि भाषणात हॉपकिन्स यांनी सेंट-ज्यॉर्जी यांच्या कामाचा उल्लेख एकदा नाही, तीनदा केला! मागच्या रांगेत बसलेल्या माणसाचा कानांवर विश्वास बसेना. भाषण संपल्यावर त्यांनी जाऊन ओळख सांगितली. हॉपकिन्सनी त्यांना केंब्रिजला बोलावून घेतलं, शिष्यवृत्तीची सोयही झाली.

केंब्रिजमध्ये त्यांनी तो पदार्थ स्फटिकाच्या रूपात वेगळा काढला. कार्बनचे सहा, हायड्रोजनचे आठ आणि ऑक्सिजनचे सहा अणू, एवढं कळलं. नेमका कोणता पदार्थ, ते कळेना. म्हणून गमतीनं त्यांनी त्याला माहीत नाही अशा अर्थाचं नाव दिलं. मासिकाच्या संपादकांना ही थट्टा रुचली नाही. मग देवालाच ठाऊक अशा अर्थाचं दुसरं नाव सुचवलं, तेही फेटाळलं गेलं. शेवटी १९२८ मध्ये हेक्झ्युरोनिक आम्ल या सरळ नावानं तो शोध छापून आला.

याच हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दहाएक वर्षांनी एक मराठी मुलगी पोहोचली. त्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण. बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं की श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. पुढे मुंबईत त्यांनी नीरेतल्या पोषक घटकांवर काम केलं. बटाट्यातली चूल कशी चालते, या एकाच प्रश्नाच्या वाटेवर हंगेरीचा डॉक्टर आणि आपल्याकडची ही शास्त्रज्ञ, दोघंही होते.

कत्तलखान्यातून पंचवीस ग्रॅम

स्फटिक तर मिळाले, पण चिमूटभर. तेवढ्यावर पुढचं काम होईना. १९२९ मध्ये सेंट-ज्यॉर्जी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकला गेले. जवळच्या मोठ्या कत्तलखान्यांतून जनावरांच्या ग्रंथी मिळत. महिनोन्‌महिने त्या ग्रंथी वाटून, गाळून, आटवून हाती आले जेमतेम २५ ग्रॅम. त्यातला काही भाग त्यांनी इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधल्या नॉर्मन हॉवर्थ या रसायनशास्त्रज्ञाला दिला. पण रचना उलगडायला तेवढा माल पुरला नाही.

दरम्यान हंगेरीच्या शिक्षणमंत्र्यांनी त्यांना मायदेशी बोलावलं. सेगेड शहरातल्या विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांत मिसळणारा, त्यांच्याबरोबर खेळणारा हा प्राध्यापक लवकरच सगळ्यांचा लाडका झाला.

गिनीपिगनं दिलेला कौल

१९३१ मध्ये स्विर्बेली नावाचा एक तरुण सेगेडला आला. अमेरिकेत चार्ल्स किंग यांच्या हाताखाली त्यानं जीवनसत्त्व सीवर काम केलं होतं. एखाद्या पदार्थात ते आहे की नाही हे कसं ओळखायचं, यात तो तरबेज होता.

तोवर एवढंच माहीत होतं की ताजी फळं-भाजी महिनोन्‌महिने मिळाली नाही तर स्कर्व्ही होतो. हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, जखमा भरत नाहीत, अंगाला रोग लवकर जडतात आणि शेवटी माणूस मरतो. जुन्या काळी समुद्रावरचे हजारो खलाशी असे गेले. लिंबू-संत्र्यानं तो बरा होतो, हेही माहीत होतं. पण त्या लिंबातलं नेमकं काय काम करतं, ते हाती लागलेलं नव्हतं.

गिनीपिग या प्राण्यालाही माणसासारखाच स्कर्व्ही होतो. सेंट-ज्यॉर्जींनी आपले उरलेले स्फटिक स्विर्बेलीला दिले. काही गिनीपिगना नुसतं उकडलेलं खाद्य, काहींना त्याबरोबर रोज एक मिलिग्रॅम स्फटिक. पहिले स्कर्व्हीनं मेले. दुसरे टुणटुणीत राहिले. हेक्झ्युरोनिक आम्ल म्हणजेच जीवनसत्त्व सी, हे पक्कं झालं.

पण एप्रिल १९३२ मध्ये किंग यांचा तसाच निष्कर्ष आधी छापून आला आणि दोन आठवड्यांनी सेगेडचा. शोध आधी कुणाचा, यावरून मोठं वादंग झालं. ते बरीच वर्षं धुमसत राहिलं.

ताटातली मिरची प्रयोगशाळेत

वाद बाजूला राहू द्या, स्फटिक संपले होते. लिंबाच्या आणि संत्र्याच्या रसात साखर इतकी असते की स्फटिक शुद्ध काढणं किचकट. मग कच्चा माल आणायचा कुठून?

सेगेड हा हंगेरीतल्या लाल मिरचीचा मुलूख. तिकडे तिला पाप्रिका म्हणतात. आपल्या मिरचीच्याच कुळातली, पण सौम्य. मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली, हंगेरीत तुर्कांच्या वाटेनं. सेगेडच्या खेड्यांतही हंगामात घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत असतात.

एका रात्री कॉर्नेलियाबाईंनी जेवणात ताजी लाल मिरची वाढली. सेंट-ज्यॉर्जींना ती खायची इच्छा नव्हती. नको म्हणायचंही जिवावर आलं. तेवढ्यात डोक्यात आलं की एवढ्या वर्षांत आपण ही तपासलीच नाही. मिरची उचलली आणि थेट प्रयोगशाळा गाठली. मध्यरात्रीपर्यंत कळून चुकलं की घबाड हाती लागलंय. एका ग्रॅम मिरचीत सुमारे दोन मिलिग्रॅम जीवनसत्त्व!

हंगाम होता, बाजारात मिरचीचे ढीग लागले होते. काही आठवड्यांत किलोच्या मापानं स्फटिक तयार झाले. जिथे अमेरिकेत ग्रंथी गाळून २५ ग्रॅम मिळाले होते, तिथे आता बरण्या भरल्या. सेंट-ज्यॉर्जींनी ते दडवून ठेवले नाहीत. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना वाटले. हॉवर्थ यांनी १९३३ मध्ये त्याची रचना उलगडली. दोघांनी मिळून नाव दिलं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारं आम्ल. १९३७ मध्ये सेंट-ज्यॉर्जींना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. अन्न अंगात टप्प्याटप्प्यानं कसं जळतं यावरचं काम आणि जीवनसत्त्व सीचं काम, दोन्हीचा त्यात गौरव होता. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हॉवर्थ यांचाही वाटा होता.

फसलेलं जीवनसत्त्व पी

शुद्ध स्फटिक हाती येण्याआधी एका रुग्णाच्या अंगावर बारीक रक्तस्राव होत होते. त्याला अशुद्ध अर्क दिला आणि तो बरा झाला. पुढे तसाच आजार आलेल्यांना शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल दिलं, तर गुण येईना. म्हणजे अशुद्ध अर्कात आणखी काहीतरी होतं. सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांचे सहकारी रुझन्याक यांनी लिंबू आणि मिरचीतून फ्लॅव्होनॉइड नावाचे पदार्थ वेगळे केले आणि १९३६ मध्ये त्याला जीवनसत्त्व पी म्हटलं.

पुढच्या तपासण्यांत ते टिकलं नाही. फ्लॅव्होनॉइड न मिळाल्यानं ठरावीक आजार होतो, असं दाखवता आलं नाही. १९५० च्या सुमारास पी हे नाव मागे घेतलं गेलं. पण पदार्थ खरे होते. कांदा, लिंबाची साल, चहा, फळांचे रंग, सगळ्यांत ते असतात. आज अँटिऑक्सिडंट म्हणून ज्यांची जाहिरात होते, त्यातले बरेच याच घराण्यातले. एका रुग्णाला गुण आला म्हणून ते सगळ्यांचं औषध ठरत नाही, हे नोबेल विजेत्याच्या बाबतीतही खरं ठरलं.

पांढऱ्या पेशींची आग

सेंट-ज्यॉर्जी सेगेडला मिरची गाळत होते, त्याच सुमारास, १९३३ मध्ये, अमेरिकेतल्या शिकागोत बाल्ड्रिज आणि जेरार्ड या दोघांनी वेगळीच गोष्ट पाहिली. कुत्र्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्यांनी जंतू खाऊ घातले. जंतू गिळताच पेशींचा ऑक्सिजनचा खप एकदम वाढला. त्यांना वाटलं, गिळायला ताकद लागते म्हणून असेल. खरं कारण कळायला आणखी तीस-चाळीस वर्षं गेली.

पांढरी पेशी हा ऑक्सिजन ताकदीसाठी नाही, हत्यार म्हणून वापरते. जंतू पोटात घेतला की ती ऑक्सिजनपासून जहाल पदार्थ बनवते. आधी सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी हायपोक्लोरस आम्ल. हे शेवटचं नाव परकं वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते तेव्हा पाण्यात जंतू मारणारा हाच पदार्थ तयार होतो. म्हणजे आपल्या अंगातही एक छोटं टीसीएल सतत तयार असतं!

हे हायपोक्लोरस आम्ल बनवणारं एन्झाइमही पेरॉक्सिडेजच आहे. ग्रोनिंगेनमध्ये ज्याचा निळा रंग लिंबाच्या रसानं क्षणभर अडवला होता, त्याच जातीचं काम करणारं. त्याचा स्वतःचा रंग हिरवट असतो. जखमेतला पू हिरवट दिसतो तो त्यामुळेच. काही मुलांमध्ये जन्मतःच ही आग पेटवणारं यंत्र नादुरुस्त असतं. त्यांना पुन्हा पुन्हा गळवं होतात, साधे जंतूही जिवावर बेततात. म्हणजे ही आग विझवून चालणार नाही.

मग व्हिटॅमिन सी तिथे काय करतं? पांढऱ्या पेशी रक्तातून ते ओढून घेतात आणि रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त साठवतात. जंतूशी गाठ पडली की आणखी ओढतात. आपणच लावलेल्या आगीत आपलं घर जळू नये, म्हणून ही तयारी. शेतकरी पाचट पेटवण्याआधी भोवती पट्टा काढतो, तसंच. आग पट्ट्यात जळते, बांधापलीकडे जात नाही. शिवाय पेशीला जंतूपर्यंत पोहोचायलाही ते मदत करतं.

फ्लॅव्होनॉइडची गोष्ट थोडी वेगळी. कांद्यातलं क्वेर्सेटिन किंवा हळदीतलं कर्क्युमिन (हे फ्लॅव्होनॉइड नाही, पण असंच वनस्पतीजन्य) प्रयोगशाळेत थेट पांढऱ्या पेशींवर टाकलं, तर त्यांची आग मंदावते. पण कांदा किंवा हळद पोटातून गेल्यावर हे पदार्थ रक्तात फार थोडे उतरतात, आणि तेही आतड्यात आणि लिव्हरमध्ये रूप बदलून. त्यामुळे काचेच्या ताटलीत दिसलेला परिणाम अंगात तसाच दिसेल, असं धरता येत नाही. आणि जंतू अंगात असताना आग मंदावणं हे नेहमी चांगलंच, असंही नाही.

हिटलरच्या यादीत नाव

दुसरं महायुद्ध सुरू झालं. रशियानं फिनलंडवर हल्ला केला तेव्हा सेंट-ज्यॉर्जींनी आपलं नोबेलचं सोन्याचं पदक फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकलं. हंगेरी जर्मनीच्या बाजूनं होती, पण त्यांना हिटलरशाही मान्य नव्हती. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं ते इस्तंबूलला गेले आणि तिथे दोस्त राष्ट्रांच्या हेरांना गुपचूप भेटले. हंगेरीला जर्मनीपासून कसं सोडवायचं, ही बोलणी होती. जर्मनांना याचा सुगावा लागला. हिटलर त्यांच्यावर संतापला. १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्यावर पकडण्यासाठी शोध सुरू झाला. नोबेल विजेता शास्त्रज्ञ जागा बदलत, लपत राहिला. स्वीडनच्या वकिलातीनं काही काळ आसरा दिला.

युद्धानंतर रशियाचा अंमल आला. सुरुवातीला मान मिळाला. पण मोकळेपणानं बोलायची सोय राहिली नाही. १९४७ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि वुड्स होल या समुद्रकाठच्या गावात कायमचे स्थायिक झाले. स्नायू कशामुळे आकसतो यावरच्या कामाबद्दल त्यांना १९५४ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. व्हिएतनामच्या युद्धालाही त्यांनी उघड विरोध केला.

म्हातारपणीचा ध्यास

१९६३ मध्ये त्यांची दुसरी पत्नी मार्टा कॅन्सरनं गेली. १९६९ मध्ये मुलगी नेलीही कॅन्सरनंच गेली. त्यानंतर त्यांनी सगळं आयुष्य कॅन्सरच्या प्रश्नाला वाहून टाकलं. पेशीतल्या इलेक्ट्रॉनच्या हालचालीत उत्तर दडलंय, असं त्यांना वाटत होतं. ते उत्तर त्यांच्या हाती लागलं नाही. वयाच्या नव्वदीतही ते कामात होते. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वुड्स होल इथे वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्याच काळात दुसरे नोबेल विजेते लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसचा जोरदार पुरस्कार केला होता. सेंट-ज्यॉर्जींचाही कल भरपूर व्हिटॅमिन सी घेण्याकडे होता. एवढी मोठी माणसं म्हणतात म्हटल्यावर जग गोळ्यांच्या मागे लागलं.

तपासणीत काय निघालं?

मोठ्या माणसांची मतं वेगळी, तपासणी वेगळी. व्हिटॅमिन सी रोज घेतल्यानं सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर निघालं. मोठ्यांची सर्दी सुमारे ८ टक्के आणि मुलांची सुमारे १४ टक्के लवकर आटोपली, इतकाच फायदा. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत राबणारे सैनिक, अशांना मात्र सर्दी निम्म्यानं कमी झाली.

सगळ्यात कामाची माहिती १९९६ ची. अमेरिकेत सात निरोगी तरुणांना काही महिने इस्पितळात ठेवून व्हिटॅमिन सीचे वेगवेगळे डोस दिले आणि रक्त तपासलं. रोजच्या सुमारे १०० मिलिग्रॅमला पांढऱ्या पेशी काठोकाठ भरल्या. त्यावर दहापट दिलं तरी पेशींत जास्त मावेना. जास्तीचं लघवीवाटे निघून गेलं. भरलेल्या रांजणात पाणी ओतत राहिलं तर ते अंगणातच जाणार!

दुकानातली गोळी बहुतेक वेळा ५०० मिलिग्रॅमची असते. आपल्या देशातल्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम पुरतं. १०० ग्रॅमचा एक पेरू सुमारे २०० मिलिग्रॅम देतो. आवळा, शेवग्याचा पाला, कच्ची हिरवी मिरची, लिंबू, कोबी, कोथिंबीर, यातही ते आहे. फार वेळ शिजवलं किंवा उन्हात वाळवलं की बरंच कमी होतं. म्हणून वाळल्या मिरचीच्या तिखटापेक्षा ताजी फोड बरी.

जास्तीचं नेहमी निरुपद्रवी असतं असंही नाही. मोठ्या डोसनं मुतखड्याचा धोका वाढतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरातलं बीटा-कॅरोटीन हेही अँटिऑक्सिडंटच. त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. १९९४ मध्ये हा निकाल आला तेव्हा डॉक्टरही चक्रावले. गाजर खाणं वेगळं आणि गाजरातलं एकच द्रव्य काढून गोळीतून रोज पोटात घालणं वेगळं, हे तेव्हा स्पष्ट झालं. म्हणून अशा गोळ्या-पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने घेऊ नयेत. स्कर्व्हीची लक्षणं, म्हणजे हिरड्यांतून रक्त, न भरणाऱ्या जखमा दिसल्या, तर मात्र दवाखाना गाठावा. तिथे व्हिटॅमिन सी हे खरंखुरं औषध आहे.

सेंट-ज्यॉर्जी गेल्यानंतर पुढच्याच वर्षी सेगेडच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. त्या मुलखात आजही मिरची पिकते. त्यांनी ज्या मिरचीतून किलोनं जीवनसत्त्व काढलं, ती कुठून खास मागवलेली नव्हती. गावच्या बाजारात टोपलीनं विकायला होती. आपल्याकडच्या बाजारात पेरूच्या पाट्या लागतात, तशीच.